जमीन कुठून आली? हंगेरीच्या उमराव घराण्यांच्या मागावर सात दिवस

हंगेरीतले वाडे पाहायला निघालेला माणूस साधारण दुसऱ्या दिवशीच गोंधळतो. प्रत्येक घराण्यात चार मिक्लोश, तीन फेरेन्त्स, दोन पाल. वरून एका वाड्यात पाहिलेलं चित्र दुसऱ्या घराण्याच्या वाड्यातही दिसतं, कारण त्या घरची मुलगी इकडे दिलेली असते. त्यामुळे खोल्या मोजत फिरण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: ही जमीन यांच्याकडे आली कशी? उत्तर बहुधा चारांपैकी एक निघतं. राजाचं इनाम, वारस मुलीशी लग्न, रोख खरेदी, किंवा फितुरीच्या आरोपावरून दुसऱ्याची जप्त झालेली जहागीर. पुढचा सात दिवसांचा मार्ग त्या प्रश्नाभोवतीच आखला आहे.

निघण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली, नावं. हंगेरियन माणूस आडनाव आधी लावतो, म्हणजे सेचेन्यी इश्तवान यात इश्तवान हे नाव. लिहिलेलं 'एस' म्हणजे श, 'एस-झेड' म्हणजे स, 'सी-एस' म्हणजे च आणि 'एल-वाय' म्हणजे नुसता य. कारोयी शोधताना फलकावर 'एल' दिसला म्हणून पुढे जाऊ नये. आडनावाच्या शेवटची ई म्हणजे आपला 'कर': अमुक गावचा तो. जुन्या उमराव घराण्यांनी ती ई 'वाय'ने लिहायची पद्धत टिकवली, आणि आडनावातला तो 'वाय' कुलीनपणाची खूण समजला जाई. नावं तीच तीच येत असल्यामुळे माणूस ओळखताना सनावळी आणि बायकोचं माहेर ही जोडी लक्षात ठेवावी.

दुसरी, कायदा. 1351 पासून उमरावाची वडिलोपार्जित जमीन भाऊबंदांबाहेर विकता येत नसे. पुरुषवंश खुंटला की ती राजाकडे परत जाई आणि मुलींना वारसा म्हणून चौथाई मिळे, तीही बहुतेक रोख रकमेत. हा नियम 1848 पर्यंत चालला. हंगेरियनमध्ये त्याला 'ओशिशेग' म्हणतात.

तिसरी, आठवडा. हंगेरीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मंगळवारी सुरुवात केली की सातवा दिवस सोमवारी येतो आणि तो ऑस्ट्रियात जातो, त्यामुळे सुट्टीत अडकायला होत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो.

पहिला दिवस : पेश्त

सुरुवात राष्ट्रीय संग्रहालयापासून. 1802 मध्ये सेचेन्यी फेरेन्त्सने आपला ग्रंथसंग्रह, हस्तलिखितं, नाणी आणि नकाशे देशाला देऊन टाकले. त्यातूनच हे संग्रहालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. ग्रंथालय आता नदीपलीकडे बुदाच्या किल्ल्यात आहे आणि त्याच्याच नावाने ओळखलं जातं. बापाच्या आणि मुलाच्या आडनावात एका स्वरचिन्हाचा फरक दिसतो. ती छपाईची चूक नव्हे, मुलगा इश्तवान आपलं आडनाव तसंच लिहीत असे.

संग्रहालयापासून चालत दहा मिनिटांवर कारोयी वाडा. इथे आता साहित्य संग्रहालय आहे. आत जाण्याआधी अंगणात थांबावं. हंगेरीवर राज्य करणाऱ्या व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याविरुद्धच्या 1848 च्या क्रांतीत हंगेरीचा पहिला, संसदेला जबाबदार असलेला पंतप्रधान झालेला बात्त्यानी लायोश जानेवारी 1849 मध्ये याच वाड्यात पकडला गेला. हा त्याच्या साडूचा वाडा. दोघांच्या बायका झिची घराण्यातल्या सख्ख्या बहिणी. बंड मोडल्यावर ऑस्ट्रियाचा सेनापती हायनाऊ याच घरात मुक्कामाला होता.

बात्त्यानीला फाशीची शिक्षा झाली होती. तुरुंगात चोरून आलेल्या लहान खंजिराने त्याने गळ्यावर वार करून घेतले. जखमी गळ्याला दोर लावता येईना, म्हणून 6 ऑक्टोबर 1849 रोजी त्याला गोळ्या घातल्या. ती जागा बाथोरी आणि होल्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. तिथे 1926 पासून लाल काचेचा नंदादीप तेवतो. दिवा लहान आहे, भोवती कचेऱ्या आहेत, आणि दिवसा तो पटकन दिसत नाही. संध्याकाळी गेलं तर उत्तम. त्याचं शव फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये गुपचूप ठेवलं होतं. 1870 मध्ये ते केरेपेशी दफनभूमीत नेलं आणि नंतर त्यावर मोठी समाधी बांधली.

दुपारनंतर दोन नंबरच्या ट्रामने नदीकाठाने विज्ञान अकादमीपाशी उतरावं. 3 नोव्हेंबर 1825 रोजी पोझोनीच्या, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या, विधिमंडळात तरुण घोडदळ अधिकारी सेचेन्यी इश्तवानने आपल्या जहागिरीचं वर्षाचं उत्पन्न, 60,000 फोरिंट, अकादमीसाठी देऊ केलं. पाठोपाठ कारोयी द्योर्द्यने 40,000, आंद्राशी द्योर्द्यने 10,000 आणि वाय आब्राहामने 8,000 दिले. सकाळी पाहिलेल्या वाड्याचा मालक तो हाच कारोयी, बात्त्यानीचा साडू.

समोरच साखळीपूल. 20 नोव्हेंबर 1849 ला खुला झाला, मधला गाळा 202 मीटर. आराखडा विल्यम टियर्नी क्लार्कचा, बांधकामावर देखरेख अॅडम क्लार्कची. दोघे नातेवाईक नव्हते. पण पुलाची खरी गोष्ट त्याच्या जकातीत आहे. हंगेरीचा उमराव कर भरत नसे, हा त्याचा सर्वात मोठा हक्क. 1836 च्या कायद्याने ठरलं की या पुलावरून जाताना उमराव असो की कुळ, सगळ्यांनी पैसे मोजायचे. रक्कम किरकोळ होती, तरी त्यावर कडाक्याचा वाद झाला, कारण एकदा पुलावर पैसे मोजले की पुढे रस्त्यावर आणि शेतावरही मोजावे लागणार हे जुन्या मंडळींना बरोबर कळलं होतं. सेचेन्यीने 1830 मध्ये पतपुरवठ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचा गाभाही जमिनीचाच आहे. जमीन विकता येत नाही म्हणून ती तारण धरता येत नाही, तारण नाही म्हणून सावकार कर्ज देत नाही, आणि लाखो एकरांचा मालक शेतीत सुधारणा करायला हातात पैसा नसलेला राहतो.

दुसरा दिवस : ग्योदोल्यो

हा दिवस हलका. एर्श वेझेर चौकातून उपनगरी रेल्वे सुटते, पाऊण तासात पोहोचवते. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहू नये. वाड्यासमोर 'सबाचाग तेर' हा थांबा आहे, तिथे उतरावं. शहराचा पास हद्दीपर्यंतच चालतो, पुढच्या भागाचं तिकीट वेगळं. ते न काढल्यामुळे दंड भरणारे प्रवासी पुष्कळ असतात.

ग्राशालकोविच आंताल (1694–1771) हा लहान उमरावाचा मुलगा, पेशाने वकील. देशाचा मधला भाग ताब्यात ठेवलेले तुर्क सतराव्या शतकाअखेर हटल्यावर मोकळ्या झालेल्या मुलखात जुन्या मालकांनी कागदपत्रांनी हक्क सिद्ध करायचा आणि जमिनीच्या किमतीचा दहावा हिस्सा युद्धखर्च म्हणून भरायचा, असा नियम होता. ज्याच्याकडे कागद नाहीत किंवा पैसा नाही त्याची जमीन खजिन्यात जमा. हे दावे पाहणाऱ्या आयोगात ग्राशालकोविचने काम केलं, पुढे राजाच्या खजिन्याचा प्रमुख झाला, 1743 मध्ये काउंट. कुठली जमीन विक्रीला येणार हे ज्याला आधी कळतं, त्याचं घराणं एका पिढीत उभं राहतं. मुलखात माणसंही उरली नव्हती, म्हणून त्याने जर्मन आणि स्लोव्हाक शेतकरी आणून गावं वसवली.

तिसऱ्या पिढीत वंश संपला. तिसरा आंताल 1841 मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बायको लेओपोल्दिना एस्तेरहाझी हे नाव लक्षात ठेवावं, सातव्या दिवशी पुन्हा भेटेल. पुढे वाडा बँकवाल्या सिनांकडे गेला, आणि 1867 मध्ये सरकारने विकत घेऊन ऑस्ट्रियाचा सम्राट आणि हंगेरीचा राजा फ्रान्झ योझेफ आणि राणी एलिझाबेथला राज्याभिषेकाची भेट दिली. बहुतेक पर्यटक राणीच्या जांभळ्या खोल्यांसाठीच येतात, पण ग्राशालकोविचांच्या काळच्या खोल्या आणि नाट्यगृह यांना निम्मा वेळ तरी द्यावा. 1945 नंतर इथे सोव्हिएत फौजेची छावणी आणि वृद्धाश्रम होता. मोकळे, पांढरे कोपरे दिसतात ते त्यामुळे.

राज्याभिषेकाच्या चित्रांत आंद्राशी द्युला शोधावा. 1848–49 च्या बंडात भाग घेतल्याबद्दल 1851 मध्ये त्याला गैरहजेरीत फाशी झाली आणि त्याचं नाव फाशीच्या खांबाला लावलं. तो तेव्हा पॅरिसमध्ये होता. 1867 मध्ये त्याच माणसाने, पंतप्रधान म्हणून, त्याच राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायला हात लावला. 1871 ते 1879 तो साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री होता.

तिसरा दिवस : शारोश्पातोक

केलेती स्थानकातून मिश्कोल्त्समार्गे साधारण तीन तास. काही गाड्यांना सेरेंचला बदल असतो. सकाळची पहिली गाडी घ्यावी, नाहीतर पाहायला चार तासही उरत नाहीत. सात दिवसांतला हा सर्वात लांबचा फेरा, आणि वेळ वाचवायला लोक हाच गाळतात. तसं करू नये. पश्चिमेकडचे वाडे दरबारी उमरावांचे आहेत. दरबाराविरुद्ध उभं राहिलेलं घराणं पाहायचं तर पूर्वेलाच यावं लागतं.

किल्ल्याचा लाल बुरूज पेरेन्यी पेतेरने 1534 पासून बांधला. भिंती इतक्या जाड की जिने त्यांच्या आतूनच वर जातात. 1616 मध्ये लोरांत्फी झुजाना हिचं राकोत्सी द्योर्द्यशी लग्न झालं आणि तिच्या वारशाने पातोक राकोत्सींकडे आलं. अंगणातली उघडी कमानदार जिनेदालनाची बाजू तिच्या नावाने ओळखली जाते. नवरा पुढे ट्रान्सिल्व्हेनिया या पूर्वेकडच्या संस्थानाचा प्रिन्स झाला. विधवा झाल्यावर तिने शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्कीला बोलावून घेतलं. 1650 ते 1654 तो इथल्या कॉलेजात होता, आणि चित्रांतून भाषा शिकवायच्या त्याच्या पुस्तकाची जुळणी इथेच झाली.

कोपऱ्यातल्या लहान खोलीच्या छतावर मधोमध गुलाब आहे. 'गुलाबाखाली' बोललेलं बाहेर जायचं नाही, असा लॅटिन संकेत. 1660 च्या दशकात नादोर, म्हणजे राजानंतरचा देशातला पहिला अधिकारी, वेशेलेन्यी आणि त्याचे सोबती हाब्सबुर्गांविरुद्ध कट करत होते. 1670 मध्ये राकोत्सी पहिला फेरेन्त्स इथूनच उठला. कट फुटला. 30 एप्रिल 1671 ला त्याचा सासरा झ्रिन्यी पेतेर आणि कटातला सोबती फ्रांगेपान यांचा वीनर नॉयश्टाटमध्ये, तर नादाश्दी फेरेन्त्सचा व्हिएन्नात शिरच्छेद झाला. राकोत्सीला मात्र त्याच्या आईने भरमसाट खंडणी भरून सोडवलं. नादाश्दीच्या जप्त जमिनींचं काय झालं ते पाचव्या आणि सहाव्या दिवशी पाहू.

झ्रिन्यी म्हणजे 1566 मध्ये सिगेतवारचा किल्ला सुलतान सुलेमानविरुद्ध लढवून मेलेल्या मिक्लोशचं घराणं. पेतेर त्याचा पणतू. पेतेरची मुलगी इलोना हिने 1685 ते 1688 मुंकाच्चचा, आज युक्रेनमध्ये असलेला, किल्ला लढवला. तिचा मुलगा राकोत्सी दुसरा फेरेन्त्स (1676–1735), जन्म इथून जवळच बोर्शीला, आज स्लोव्हाकियात. 1701 मध्ये त्याला पकडून ठेवलं तेही वीनर नॉयश्टाटमध्येच, जिथे आजोबांचं डोकं उडालं होतं. तो निसटला, 1703 मध्ये बंड उभारलं, 1711 पर्यंत लढला. तो पोलंडमध्ये मदत मागत असताना त्याचा सेनापती कारोयी शांदोर याने सातमारला तह करून शस्त्रं खाली ठेवली. फेरेन्त्सने तह मानला नाही आणि तुर्कस्तानात मरमरा समुद्राकाठच्या रोदोश्तोला वनवासात वारला. 1906 मध्ये अस्थी स्लोव्हाकियातल्या कोशित्सेला, हंगेरियन काश्शाला, आणल्या. कारोयी 1712 मध्ये काउंट झाला, आणि पेश्तचा वाडा त्याच्या वंशजांचा. हा माणूस फितूर की शहाणा, यावर हंगेरियन लोक आजही तावातावाने बोलतात. आमच्या मते आठ वर्षांच्या युद्धाने आणि साथींनी देश ज्या अवस्थेत आणून ठेवला होता ते पाहता तहाला पर्याय नव्हता. पण त्याचा फायदा तह करणाऱ्यालाच झाला, हेही तितकंच खरं.

याच घराण्यातला कारोयी मिहाय 1918 मध्ये प्रजासत्ताकाचा प्रमुख झाला आणि 23 फेब्रुवारी 1919 रोजी कापोल्नाला स्वतःची जमीन वाटायला त्याने सुरुवात केली.

चौथा दिवस : मार्तोनवाशार, मग केस्तहेय

देली स्थानकातून सेकेश्फेहेरवारकडे जाणारी हळू गाडी घ्यावी. जलद गाड्या मार्तोनवाशारला थांबत नाहीत, आणि ही चूक सर्रास होते. अर्ध्या तासावर ब्रुन्स्विकांचा वाडा आहे. आत शेतकी संशोधन संस्था असल्याने पाहायचं ते उद्यान आणि संगीतकार बेटहोवनचं लहान संग्रहालय. तो ब्रुन्स्विक बहिणींना पियानो शिकवत असे, योझेफिनावर त्याचं प्रेम होतं आणि तिला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. पण मोठं काम तेरेझचं. 1 जून 1828 ला तिने बुदामध्ये हंगेरीची पहिली बालवाडी उघडली. नातेवाइकांचा रोष पत्करून उमरावाच्या मुलीने गरिबांची पोरं सांभाळायची, हे त्या काळात सोपं नव्हतं.

पुढे सेकेश्फेहेरवारला गाडी बदलून बालातोन सरोवराच्या काठाने केस्तहेय. काठ पाहायचा तर उजवीकडची खिडकी धरावी.

फेश्तेतिच घराणं मूळ क्रोएशियाकडचं. 1739 मध्ये क्रिश्तोफने केस्तहेय विकत घेतलं आणि 1745 मध्ये वाड्याचं काम सुरू केलं. म्हणजे इथे उत्तर सरळ आहे: रोख खरेदी. त्याचा नातू द्योर्द्य (1755–1819) सैन्यात अधिकारी होता. 1790 च्या सुमारास हंगेरियन पलटणींत हंगेरियन भाषा असावी अशा अर्जावर सही केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि सैन्य सोडून तो इथे आला. 1797 मध्ये त्याने 'गेओर्गिकोन' काढलं, युरोपातलं अगदी सुरुवातीचं शेतकी महाविद्यालय. शाळेला जोडून खरी शेती होती, म्हणजे सकाळी ऐकलेलं दुपारी हाताने करायचं. त्याच्या जुन्या आवारात शेती संग्रहालय आहे आणि ते वाड्यापेक्षा रिकामं असतं. शेतीची आवड असलेल्याने आधी तिथे जावं.

वाड्यात 101 खोल्या आहेत, पण वेळ द्यावा तो ग्रंथालयाला. ओकच्या लाकडाचं दुमजली दालन, 80,000 हून अधिक पुस्तकं. 1945 मध्ये एका सोव्हिएत अधिकाऱ्याने दारापुढे भिंत घालून ते बंद केलं, म्हणून ते वाचलं. देशातल्या इतर वाड्यांची ग्रंथालयं बहुतेक लुटली गेली किंवा जळाली, त्यामुळे खाजगी उमराव ग्रंथसंग्रह जागच्या जागी पाहायला मिळतो तो इथेच.

द्योर्द्यची बहीण यूलिया ही सेचेन्यी इश्तवानची आई. पेश्तमध्ये पुलाची जकात सगळ्यांनी भरावी म्हणणारा इश्तवान म्हणजे शेतकी शाळा काढणाऱ्या द्योर्द्यचा भाचा. नाती अशी जुळली की इतिहासातल्या 'सुधारणा युगा'ला घरातला चेहरा मिळतो.

जेवणाबद्दल, शाकाहारींसाठी: 'तुरोश चुसा' म्हणजे ताज्या चीजची शेवयांसारखी डिश, पण वर बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, आणि राजम्यासारख्या दाण्यांच्या सूपमध्ये धुरावलेलं मांस. विचारल्याशिवाय मागवू नये. तळलेलं चीज, 'रान्तोत शायत', जवळपास सगळीकडे मिळतं.

पाचवा दिवस : शारवार

केस्तहेयहून थेट गाडीची आशा धरू नये. रेल्वे आणि बस मिळून एक-दोन बदल होतात. आदल्या रात्री रेल्वेच्या अॅपवर वेळ पाहून ठेवावी, आणि शनिवारी बस कमी असतात हे धरून चालावं.

शारवारचा पंचकोनी किल्ला हे या सगळ्या प्रवासातलं गुरुकिल्लीचं ठिकाण. जहागीर कनिझाई घराण्याची होती. पुरुषवंश संपला, उरली एक मुलगी, ओर्शोया. ओशिशेगप्रमाणे सगळं राजाकडे जायला हवं होतं. तेव्हा राजा फर्डिनांडने 'फिउशीताश' केलं, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मुलीला मुलगा ठरवलं. त्या मुलीशी नादाश्दी तामाशने (1498–1562) लग्न केलं. लहान उमरावाच्या घरातला हा हुशार माणूस एका लग्नाने देशातल्या बड्या जमीनदारांत गेला आणि 1554 मध्ये नादोर झाला. ओर्शोया लग्नानंतर लिहायला शिकली. नवराबायकोंची हंगेरियन पत्रं शिल्लक आहेत, आणि त्यांत आजारपण, भाजीपाला, फळझाडं, काळजी सगळं आहे. वारस मुलीशी केलेलं लग्न म्हणजे नुसता व्यवहार, असं म्हणणाऱ्याने ती वाचावीत.

तामाशने इथे छापखाना घातला. 1539 मध्ये सिल्वेस्तेर यानोशचं लॅटिन-हंगेरियन व्याकरण आणि 1541 मध्ये त्याने केलेलं नव्या कराराचं भाषांतर इथे छापलं. देशाच्या भूमीवर छापलेलं हे पहिलं हंगेरियन पुस्तक.

मुलगा फेरेन्त्स (1555–1604) तुर्कांशी लढून 'काळा बे' म्हणून गाजला. त्याची बायको बाथोरी एर्झेबेत. तिच्या नावाने रक्ताच्या न्हाणीच्या गोष्टी विकल्या जातात. कागदांतून दिसतं ते एवढं: डिसेंबर 1610 मध्ये नादोर थुर्झो द्योर्द्यने तिला चेयते किल्ल्यात पकडलं, जानेवारी 1611 मध्ये तिच्या नोकरांना मृत्युदंड झाला, तिच्यावर खटला कधीच चालला नाही, आणि 1614 मध्ये ती कैदेतच वारली. बरेच जबाब छळ करून घेतलेले होते. न्हाणीची गोष्ट तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने छापली गेली. किल्ल्यात तिचा कोपरा शोधण्यापेक्षा सरदार दालनाचं छत पाहावं. 1653 मध्ये नातवाने, तिसऱ्या फेरेन्त्सने, आजोबांच्या तुर्की लढाया तिथे रंगवून घेतल्या. मान दुखते, म्हणून भिंतीलगतच्या बाकावर बसून एकेक चित्र घ्यावं. अठरा वर्षांनी त्याच नातवाचं डोकं व्हिएन्नात उडवलं गेलं आणि नादाश्दींच्या जहागिरी जप्त झाल्या.

शारवार मग हातोहात फिरलं. शेवटी एका आर्चडचेसच्या, म्हणजे हाब्सबुर्ग राजकन्येच्या, वारशाने ते तिच्या सासरी, बव्हेरियाच्या राजघराण्याकडे गेलं. 1921 मध्ये तिचा नवरा, बव्हेरियाचा शेवटचा राजा लुडविग तिसरा, याच किल्ल्यात वारला. पुन्हा बायकोचीच जमीन.

हातात एक दिवस जास्त असेल तर सोम्बातहेयहून क्योर्मेंदला जावं. तिथल्या वाड्यात बात्त्यानी-श्त्रात्मान लास्लो (1870–1931) हा नेत्रवैद्य राहायचा. त्याने स्वतःच्या खर्चाने आधी क्योप्चेन्यला आणि मग इथे रुग्णालय चालवलं. गरिबांकडून पैसे घेत नसे, उलट औषधाचे पैसे देत असे. 2003 मध्ये कॅथलिक चर्चने त्याला धन्य घोषित केलं.

सहावा दिवस : फेर्त्योद आणि नाद्यत्सेंक

मुक्काम शोप्रोनला ठेवावा. दोन्ही ठिकाणं तिथून बसने होतात, पण रविवारी बस विरळ असतात. सकाळी आधी फेर्त्योद, परतताना वाटेत नाद्यत्सेंक, हाच क्रम ठेवावा. उलटा ठेवला तर फेर्त्योदची शेवटची फेरी हुकते. पोहोचल्याबरोबर तिकीट खिडकीवर पुढच्या मार्गदर्शित गटाची वेळ विचारावी आणि मधल्या वेळेत बाग पाहावी.

एस्तेरहाझींचा भव्य एस्तेरहाझा वाडा उभा आहे ती श्युत्त्योरची जमीन नादाश्दींची होती. जप्तीनंतर 1681 मध्ये ती एस्तेरहाझी पालकडे आली. पालची सख्खी बहीण आन्ना यूलिया ही शिरच्छेद झालेल्या नादाश्दीची बायको. मेव्हण्याची जहागीर मेव्हण्याकडे.

शिकारीच्या लहान बंगल्याभोवती 1760 च्या दशकात 'वैभवशाली' मिक्लोशने (1714–1790) 126 खोल्यांचा वाडा बांधला. दलदलीच्या कडेची जागा, डास, ओल, तरी वर्षाचा मोठा भाग दरबार इथे राही. संगीतकार हायडन 1761 पासून या घराण्याच्या नोकरीत होता. वादकांना बायकापोरांना इथे आणायची परवानगी नव्हती. 1772 मध्ये मुक्काम लांबला तेव्हा हायडनने एक सिंफनी लिहिली. तिच्या शेवटी वादक एकेक करून मेणबत्ती विझवून उठून जातात. मालकाला अर्थ कळला. पुढच्या वर्षी राणी मारिया तेरेझा पाहुणी आली. 1779 मध्ये ऑपेराघर जळलं, ते पुन्हा बांधलं. आज ते नाही. मिक्लोश स्वतः बारितोन हे तंतुवाद्य वाजवत असे. पुढे वाजवायच्या तारांच्या मागे, अंगठ्याने छेडायच्या तारा असतात. मालकासाठी हायडनने त्याची शंभरावर त्रिकुटं लिहिली. 1790 मध्ये मिक्लोश वारला आणि मुलाने वाद्यवृंद जवळजवळ संपूर्ण बंद करून टाकला. वाडा ओस पडला.

नाद्यत्सेंक हे सेचेन्यींचं गाव. वाड्यात इश्तवानचं संग्रहालय, आणि गावच्या दफनभूमीत घराण्याची समाधी. 1860 मध्ये व्हिएन्नाजवळच्या डोब्लिंगच्या मनोरुग्णालयात त्याने स्वतःला संपवलं. त्याला इथे आणलं. वाड्यासमोरून अडीच किलोमीटर लिंडेनच्या झाडांची सरळ रांग जाते, 1754 मध्ये लावलेली. टोकाशी त्याचा मुलगा बेला आणि त्याची बायको यांची कबर. बेलाच्या 1877–80 च्या आशिया मोहिमेतला भूगर्भशास्त्रज्ञ लोत्सी लायोश याने सिक्कीम-दार्जिलिंग भागात हिमालयाच्या खडकांचे थर अभ्यासले होते. जून-जुलैत झाडं फुललेली असतात. परत यायला पाऊण तास धरावा, नाहीतर बस जाते.

सातवा दिवस : सीमेपलीकडे, फ्राक्नो आणि किश्मार्तोन

पासपोर्ट जवळ हवाच, अधूनमधून तपासणी होते. ऑस्ट्रियाच्या नकाशावर हंगेरियन नावं मिळत नाहीत. फ्राक्नो म्हणजे फोर्खटेनश्टाइन, किश्मार्तोन म्हणजे आयझेनश्टाट. शोप्रोनहून वीनर नॉयश्टाटच्या गाडीने माटर्सबुर्ग, तिथून बसने फ्राक्नोचा किल्ला. हिवाळ्यात तो बंद असतो. किश्मार्तोनला जायचं तर वुलकाप्रोडर्सडोर्फला गाडी बदलावी. दोन्ही एका दिवसात होतात, फक्त सकाळी आठच्या आत निघावं.

एस्तेरहाझींची सुरुवात इथे कळते. मिक्लोशने (1583–1645) पहिलं लग्न श्रीमंत विधवा देर्शफी ओर्शोयाशी केलं, मुंकाच्च मिळालं. 1622 मध्ये तहासाठी राजाला मुंकाच्च ट्रान्सिल्व्हेनियाचा प्रिन्स बेथलेन याला द्यावं लागलं, तेव्हा मोबदल्यात मिक्लोशकडे फ्राक्नो आणि किश्मार्तोन गहाण आले. दुसरं लग्न न्यारी क्रिस्तिनाशी, तीही विधवा. तिचा पहिला नवरा बाथोरीला पकडणाऱ्या थुर्झोचा मुलगा. मिक्लोश 1625 मध्ये नादोर झाला. मुलगा पाल (1635–1713) याने संपत्ती फुटू नये म्हणून पोपची परवानगी काढून सावत्र भावाच्या मुलीशीच लग्न केलं. 1687 मध्ये त्याला प्रिन्सचा किताब मिळाला. जमीन विकता किंवा वाटता येणार नाही, सगळी ज्येष्ठ मुलाकडे, अशी 'हितबिझोमान्य' व्यवस्था त्याने लावून ठेवली. फ्राक्नोचा खजिना टिकला तो या व्यवस्थेमुळे. चांदीचं फर्निचर, घड्याळं, तुर्कांकडून आलेली शस्त्रं, सगळं मूळ फडताळांतच.

किश्मार्तोनच्या वाड्यात हायडन दालन पाहून मागच्या बागेत जावं. तिथलं गोल मंदिर लेओपोल्दिनाच्या नावाचं आहे, तीच ती ग्राशालकोविचांपैकी शेवटच्या मालकाची बायको. तिचा बसलेला पुतळा शिल्पकार कानोव्हाने घडवला. मग बेर्गकिर्खं या चर्चमध्ये हायडनची कबर. 1809 मध्ये त्याचं डोकं चोरीला गेलं, नंतर बदली कवटी ठेवली गेली, आणि 1954 मध्ये खरी परत आली. बदली काढली नाही, म्हणून कबरीत कवट्या दोन आहेत.

1921 मध्ये हा भाग ऑस्ट्रियाला गेला आणि डिसेंबरच्या मतदानात शोप्रोन हंगेरीतच राहिलं. त्या रेषेने एस्तेरहाझींच्या जमिनीचे दोन तुकडे केले. 1945 च्या जमीनवाटपात हंगेरीच्या बाजूला 1,000 होल्डच्या वरच्या जहागिरी पूर्ण गेल्या. 1 होल्ड म्हणजे सुमारे 1.42 एकर. 1947 च्या चौथ्या कायद्याने किताब वापरायलाही बंदी आली आणि ती अजून लागू आहे. शेवटचा जहागीरदार पाल (1901–1989) याला कम्युनिस्ट राजवटीत, 1949 मध्ये, हंगेरीतल्या कॅथलिक चर्चचा प्रमुख कार्डिनल मिंदसेंती याच्यासोबतच्या खटल्यात 15 वर्षांची शिक्षा झाली. 1956 च्या उठावात सुटून तो देशाबाहेर पडला. काउंट शाखेतलं कुटुंब 1951 मध्ये खेड्यात हद्दपार झालं, त्यातला मुलगा म्हणजे लेखक एस्तेरहाझी पेतेर (1950–2016). ऑस्ट्रियाच्या बाजूची मालमत्ता मात्र घराण्याच्या हातात राहिली. पालची विधवा, पूर्वीची बॅले नर्तिका ओत्रुबाय मेलिंदा, हिने ती न्यासांकडे सोपवली, आणि आज दोन्ही वास्तू तेच चालवतात.

कागदपत्रंही तशीच विभागली आहेत. घराण्याच्या दप्तराचा मोठा भाग बुदापेश्तच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, काही फ्राक्नोच्या किल्ल्यात. एकाच जहागिरीचा हिशेब लावायचा तर दोन्हीकडे अर्ज करावा लागतो, आणि वाचायला लॅटिन, जर्मन, हंगेरियन तिन्ही लागतात.